रघुकाकांच्या जीपचं इंजिन

रघुकाका चिडले की समोरच्याला 'आपण' म्हणतात. एरवी तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळे 'तू'. त्यामुळे आमच्या रानशेत गावात त्यांच्या तोंडून 'आपण' ऐकू आलं की शहाणी माणसं चपला घालून वाट धरतात. मी त्यांचा शेजारी. मला पळायला जागा नाही.

सकाळी विहिरीच्या पंपाला सुनावतात, "मोटरसाहेब, आज पाणी देताय, की आपल्या पाया पडू?" बोकडाने मिरचीची रोपं खाल्ली तर त्यालाही विचारतात, "जेवण आवडलं का आपल्याला?"

सगळ्यात जास्त मान मात्र त्यांच्या जुन्या जीपला.

परवा तिच्यातून आम्ही तलासरीला चाललो होतो. वाटेत तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला.

"काका, इंजिन तापलंय. थांबा."

"काटा खोटारडा आहे. पहिल्यापासून."

बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी पुन्हा तोंड उघडलं.

"गुरुजी, आपण चालवताय का?" काकांनी विचारलं.

शेवटी जीपच खडखडली आणि हायवेच्या कडेला बंद पडली. काका उतरले, वाफेपुढे हात जोडून उभे राहिले. "आपण तापलात? तापायचा हक्क या गाडीत फक्त मला आहे!"

टेम्पोला दोर बांधून जीप तलासरीच्या गॅरेजात नेली. हसमुखभाई मेकॅनिक अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलतो. इंजिन उघडून त्याने मान हलवली. "काका, हेड वाकला, ब्लॉकला चीर गेली. इंजिन गयू. बीजू नाखी दो."

"दुसरं नको. हेच दुरुस्त कर."

"टाका मारून देईन. पण परत तापेल. कुठं बंद पडेल, गॅरंटी नाय."

"हसमुखशेठ, आपल्याला दुरुस्ती येते, की नुसता माल विकता येतो?"

हसमुखभाईने पाना खाली ठेवला आणि चहा प्यायला निघून गेला. तेवढ्यात गाडीचं कळून वापीहून काकांच्या मुलाचा फोन आला. "बाबा, भंगारात देऊन टाका ना!"

"आपण कोण बोलताय?" असं विचारून काकांनी फोन बंद केला.

आता माझंही डोकं फिरलं. "कसला हट्ट हा? दुसरं इंजिन टाकलं तर काय बिघडणार आहे?"

"आवाज बदलेल."

"बदलू दे की! त्या आवाजाला अख्खं गाव शिव्या घालतं!"

काका माझ्याकडे बघत राहिले. आता 'आपण' येणार म्हणून मी मन घट्ट केलं. पण ते नुसतं "चल" म्हणाले आणि मला टमटममध्ये घालून झरीला घेऊन गेले.

झरीत एका घराच्या ओटीवर त्यांची थोरली बहीण, जमनाबाय, बसली होती. तिची नजर गेलेली. काकांना बहीण आहे हे मला तेव्हा कळलं.

"गाडी कुठाय रे? आवाज नाय आला," तिने पहिलंच विचारलं.

काकांनी घडलेलं सांगितलं. काट्याचा भाग गाळून.

मग बाय माझ्याकडे वळली. "दर आठवड्याला मला वरोरला दर्यावर नेतो. चढ आला का गाडी कण्हते, पूल आला का आवाज पोकळ येतो. त्यावरून मला कळतं, कुठं आलो ते. हा कुठं काय सांगतो? सगळ्या रस्त्याने लोकांवर ओरडत असतो."

दर आठवड्याला काका 'बियाणं बघायला' जातात, असं मी समजत होतो.

"म्हणून म्हणतो, हेच दुरुस्त करू," काका पुटपुटले.

"आणि मधेच बंद पडली तर? मला आंधळीला हायवेवर बसवशील? बदलून टाक."

"पण बाय, तुला रस्ता..."

"तुला तोंड हाय ना? तू सांग."

हसमुखभाईने दुसऱ्या एका जीपचं चांगलं इंजिन काढून ते काकांच्या जीपला बसवलं. पहिल्या फेरीला मी मागे बसलो होतो. गाडी लोण्यासारखी चालली होती. बाय अवघडून बसली होती.

"कुठं आलो?"

"रस्त्यावर."

"आता?"

"झाडं आहेत."

"कसली?"

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "चिकूची. वाडीच्या दारात एक बाई उभी आहे. डोक्यावर टोपली. हिरवं लुगडं." मग म्हणाले, "उंच आहे. आईसारखी."

मागून एक ट्रक हॉर्न मारत आला. काकांनी त्याला निमूट वाट दिली आणि गाडी आणखी हळू केली.

वरोरला पोचलो तेव्हा बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. "पाणी मागं गेलंय, बाय. होड्या चिखलात कलल्यात. पहिली निळी आहे, रंग उडालाय."

"तिच्यावर नाव काय लिहिलंय?"

"दिसत नाही इथून."

बायने कान दर्याकडे लावला.

"थांब, वाचून येतो," म्हणत काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले.