पोच

सुदर्शनचं पत्र येऊन वर्ष उलटलं, तरी उत्तरेश्वरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. 'गुडघ्यामुळे मला आता पुण्याला येणं जमत नाही. तूच बार्शीला ये. येतोस का? होय की नाही, एवढंच कळव.' पण इतक्या जुन्या मित्राला नुसतं 'होय' कसं कळवायचं? उत्तरेश्वरांनी आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासली होती. स्वतः काही लिहायला घेतलं, की त्यांना पहिल्याच शब्दात चूक दिसे. आधी 'प्रिय' खटकला. मग उशीर झाला म्हणून क्षमा मागणं आलं. उशीर वाढत गेला, तसतशी क्षमाही लांबत गेली.

मनाला ती बोच होतीच. त्यामुळे मुलीने, स्वरालीने, नवा फोन हातात दिला तेव्हा त्यांनी ठरवलं, निदान इथे तरी कुणाचा निरोप बिनउत्तराचा ठेवायचा नाही. मेसेज आला रे आला, की ते टाइप करत, 'होय, आपला संदेश मिळाला. आभारी आहे.' कुणी विचारी, रोजचं भविष्य हवंय का? कुणी भजनं देऊ करी, कुणी क्रिकेटचा स्कोअर. उत्तरेश्वर सगळ्यांना सारख्याच अदबीने पोच देत.

शनिवारी स्वराली हिंजवडीहून आली ती त्यांचं बिल उघडूनच.

"बाबा, बिल चौपट कसं आलं? भविष्य, भजन, क्रिकेट, कॉलर ट्यून... आणि हे 'गोड गप्पा' काय आहे?"

"गोड गप्पा?" नंदाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "घरात तर दिवसाकाठी चार शब्द फुटत नाहीत. आणि परवा मंडईतून यांना फोन लावला, तर लावणी सुरू झाली. मी घाईघाईने कट केला. म्हटलं, कुणाच्या घरी लागला कोण जाणे."

उत्तरेश्वरांचे कान लाल झाले. "अगं, मी काही मागवलं नाही. मी नुसती उत्तरं दिली."

स्वरालीने कंपनीला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"सर, सगळ्या सर्व्हिसेस तुम्हीच कन्फर्म केल्यात," पलीकडचा मुलगा म्हणाला. "प्रत्येक वेळी 'होय' असा रिप्लाय आहे."

"ती पोच होती."

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे... आपलं मिळालं, असं कळवणं."

"त्यालाच कन्फर्मेशन म्हणतात, सर."

उत्तरेश्वरांना ते पटलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. स्वरालीने फोन हिसकावून घेतला आणि त्या मुलाला असं काही झापलं, की सेवा बंद झाल्या, तक्रारही नोंदली गेली. जादा पैसे पुढच्या बिलात परत मिळणार होते. ती चहा ठेवायला वळली, तेवढ्यात फोन वाजला. 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे का? होय किंवा नाही कळवा.'

चहा उकळेपर्यंत दुसरा मेसेज आला. 'धन्यवाद. आपल्या उत्तरानुसार तक्रार बंद करण्यात आली आहे.' उत्तरेश्वर त्याचीही पोच लिहीत असताना स्वरालीने फोन काढून घेतला.

"बाबा, यापुढे कुणालाही उत्तर द्यायचं नाही."

"अगं, बरं दिसतं का ते?"

"साऱ्या जगाला पोच देत बसतात," नंदाताई म्हणाल्या, "आणि स्वतःला काडीचा पोच नाही. नाव उत्तरेश्वर, आणि सुदर्शनभावजींना वर्षभर टांगून ठेवलंय. तिकडे म्हणा की होय."

फोन स्वरालीच्या पर्समध्ये गेला. उत्तरेश्वरांचा हात मात्र शिवशिवत राहिला. त्यांनी कपाटातून एक पोस्टकार्ड काढलं, त्यावर पेन टेकवलं, आणि काही सुचायच्या आतच सवयीने लिहून गेले, 'होय, आपला संदेश मिळाला. आभारी आहे.'

त्यांनी प्रूफ तपासावं तसं ते तपासलं. 'आपला' खोडून 'तुझा' केलं. बाकी एकही चूक सापडेना.

संध्याकाळी नवरा-बायको दोघं फिरायला निघाली. कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी कार्ड टाकलं.

"वाचलंय मी," नंदाताई म्हणाल्या. "होय लिहिलंयत. ही सेवा नंतर बंद करता येत नाही, सांगून ठेवते."

"होय," उत्तरेश्वर म्हणाले, आणि कार्ड नीट आत पडलंय ना, हे त्यांनी पेटीच्या फटीतून वाकून पाहिलं.