खांबेट्यांकडचे ८०८०वाले

मिरजेच्या खांबेट्यांच्या घरी इंटरनेटवरून येणारी प्रत्येक विनंती स्वतः चालत येते आणि दाराची कडी वाजवते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट आणि खिशावर पोर्टचा, म्हणजे घरातल्या कुठल्या यंत्राकडे जायचं त्याचा, नंबर विणलेला. गल्ली मुळातच माणसांच्या राबत्याची, त्यामुळे कुणी कधी तक्रार केली नाही.

तक्रार होती केतकीची. ही घरच्या सुलभाताईंची धाकटी लेक, फिनलंडला असते. अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला घास गोड लागेना. फोन केला की अप्पा धुतलेला सदरा चढवून ‘एकदम ठणठणीत’ म्हणत आणि फोन ठेवला की आडवे होत. म्हणून तिने माजघरात कॅमेरा बसवायला लावला, की वाटेल तेव्हा आपलं आपण डोकवावं. पण डोकवायला गेलं की पडद्यावर एकच ओळ: वेळ संपली, उत्तर नाही. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं. रविवारपर्यंत चित्र दिसलं नाही, तर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी पुण्याला दादाच्या फ्लॅटवर राहायला जायचं.

सुलभाताईंना ते मुळीच नको होतं. दादाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. तिथे कडी कोण वाजवणार, कप्पाळ?

त्यांनी नेटवाल्या इरफान मुजावरला बोलावलं. इरफान शांत माणूस. त्याने आधी राउटर तपासला. खिशावर ८०८० असलेला माणूस आला की त्याला कॅमेऱ्याकडे पाठवायचं, असं राउटरला बजावलेलं होतं. तिथे खोट नव्हती. खोट निघाली कॅमेऱ्यात. वीज जाऊन आली की हा पठ्ठ्या पत्ता बदलायचा, आणि त्याच्या जुन्या पत्त्यावर टीव्ही जाऊन बसला होता. बिचारे ८०८०वाले टीव्हीपुढे उभे राहून, बातम्या ऐकून परत जात होते. इरफानने कॅमेऱ्याला कायमचा पत्ता नेमून दिला आणि केतकीला फोन करून पुन्हा बघायला सांगितलं.

ओळ तीच. वेळ संपली, उत्तर नाही.

मग मात्र तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला. म्हणाला, आता माणूस येताना बघतो. थोड्या वेळाने कडी वाजली. दारात ८०८०, पायपुसण्यावर बूट पुसत उभा. सुलभाताईंनी त्याला बसवलं, उन्हाचा आलात म्हणून पाणी दिलं, गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळी चौकशी केली आणि आल्याचा चहा टाकला. तो सभ्यपणे उत्तरं देत होता आणि सारखा घड्याळाकडे बघत होता. चहा आला, अर्धा प्याला, आणि हात जोडून आल्या वाटेने निघून गेला.

इरफानने कपात उरलेला चहा बघितला. “काकू, सगळ्यांना असंच बसवता?”

“मग काय, उभ्याउभ्या वाटेला लावू?”

खरं तर या अर्ध्या कपांनी त्यांचा जीव कधीचा खंतावला होता. आपल्या हाताची चव गेली असं वाटून त्यांनी चहाची पूडसुद्धा बदलून पाहिली होती. इरफानने समजावलं की चव उत्तम आहे, पण या लोकांना पाचच मिनिटांची सवड असते. तेवढ्यात कॅमेऱ्यापर्यंत पोचलं नाही की त्यांना परतावंच लागतं. तेव्हा चहापाणी बंद करा आणि सरळ आत सोडा.

“ते माझ्याच्याने व्हायचं नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “दारात आलेलं माणूस या घरातून कोरडं गेलेलं नाही.”

“मग पुण्याला जावं लागेल, काकू.”

सुलभाताईंना रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं आणि त्यांना शाळेतली केतकी आठवली. परीक्षेला उशीर झालेला, पायात बूट चढवलेले, आणि तरी उंबऱ्यावरून हात पुढे केलेला. त्याला कितीसा वेळ लागायचा?

त्या उठल्या आणि दह्याची वाटी नि साखरेचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. इरफानने केतकीला फोन केला. कडी वाजली. सुलभाताईंनी ८०८०च्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली आणि म्हणाल्या, “यशस्वी हो.” त्याने मूठ मिटली, थेट माजघरात जाऊन कॅमेऱ्यापुढे क्षणभर उभा राहिला आणि तशीच मूठ मिटून झपाझप निघून गेला.

केतकीचा फोन आला. तिला सगळं दिसत होतं. झोपाळा दिसत होता, आणि त्यावर भोकाचं बनियन घालून निवांत बसलेले अप्पाही. ती हसली, थोडी रडलीही. पुण्याचं नाव तिने काढलं नाही. एवढंच म्हणाली, की आधी त्यांच्या हातातली चिवड्याची बशी काढून घे.

सुलभाताईंनी ती काढून घेतली.

“आणि आई,” केतकी म्हणाली, “दही जरा आंबट लागलं.”

“कालचं होतं गं. उद्या ताजं देते.”

तेवढ्यात पुन्हा कडी वाजली, तशा त्या फोन इरफानच्या हातात देऊन वाटी घ्यायला उठल्या.