चतुर्थीचं अंडं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आमच्या इचोड्याच्या शाळेत माझ्याइतकी कामसू बाई दुसरी नाही! विशेष मुलांच्या वर्गात मी सहायक म्हणून लागले आणि बघता बघता वर्गाचं रूपच पालटून टाकलं. कुणाचं बटण निघालं, मी लावलं. कुणाचं नाक वाहिलं, मी पुसलं. कुणाला तहान लागेल असं मला नुसतं वाटलं, तरी ग्लास त्याच्या ओठाला टेकलेला असायचा!

फक्त दोन गोष्टी मला खुपत होत्या. एक म्हणजे पालक मला 'आयम्मा' म्हणायचे, म्हणजे पोरं सांभाळणारी आया! अहो, मी ट्रेनिंग घेतलेली बाई! "आयम्मा नाही, सहायक म्हणा," असं मी भेटेल त्याला बजावत असे. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गाच्या शिक्षिका, सुनयना मॅडम. त्यांचं दिवसभर एकच पालुपद.

"मंजुषा, हात मागे! पोरीले करू दे. आपण थांबाचं. थांबणं हेच आपलं काम हाये."

थांबणं हे काम असेल, तर आमच्या बसस्टँडवरची सगळी माणसं नोकरीला लागलीत म्हणायची! मी मान हलवायची आणि मॅडमची पाठ वळली की पुन्हा सुरू.

सगळ्यात जास्त सेवा मी पूनमची केली. पूनम नऊ वर्षांची, बोलते कमी, हात जरा सावकाश चालतात. दुपारच्या जेवणात अंडं असलं की ते मी सोलायची, मीच तुकडे करायची आणि "आ कर" म्हणून भरवायची. लवकरच पूनम ताट समोर येताच आपणहून आ करून बसू लागली. काय ही शिस्त, म्हणून मी स्वतःवरच खूष!

मग एके दिवशी तिचे आजोबा आले. अमृतराव, जवळच्या गावचे कापूसवाले शेतकरी.

"काऊन मॅडम, काय शिकवून राह्यले तुमी? आदी पोरगी स्वतःच्या हातानं जेवत होती. आता घरीबी आ करून बसते! आमी सगळे शेतात जातो, कोण भरवीन तिले? बुधवारी अंडं असते ना? मी येतो पाहाले. हातानं जेवली तर ठीक, नाई तर गुरुवारपासून घरीच ठेवतो."

मॅडमनी माझ्याकडे फक्त पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! अंडं सोलायला त्यांनीच तर पूनमला शिकवलं होतं, मी यायच्या आधी. आणि मी ते विसरायला लावलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एका पोरीची शाळा माझ्या या दोन हातांमुळे सुटणार होती!

बरं, हातांना समजावून सांगावं, तर ते ऐकतील तर ना! आमच्या माहेरी पाहुणा दोन्ही हातांनी ताट झाकून बसला तरी बोटांच्या फटीतून आम्ही पोळी सरकवतो. त्याच वळणाचे हात हे. बुधवारी ते शांत बसणं शक्यच नव्हतं.

बुधवारी नेमकी चतुर्थी आली. मला कडक उपवास. पोट रिकामं असलं की माझं डोकं फार चालतं, हा माझा जुना समज. मॅडम अमृतरावांना आणायला फाटकापाशी गेल्या आणि अंडी घेऊन स्वयंपाकीण रुख्मिणीबाई आल्या. मी खुर्चीत बसले, हात पाठीमागे नेले आणि ओढणी पुढे केली.

"रुख्मिणीबाई, खुर्चीलेच बांधा मले. घट्ट!"

"काऊन वो? अंगात आलं का?"

"बांधा तुमी!"

त्यांचा जन्म कापसाची गाठोडी बांधण्यात गेलेला. अशी गाठ मारली की माझी बोटंसुद्धा हलेनात! पूनमपुढे अंडं ठेवून त्या निघून गेल्या. आता काही मी हात लावत नाही, म्हणून मी निर्धास्त झाले.

तेवढ्यात अमृतराव आत आले. मागोमाग मॅडम.

"रामराम आयम्मा," त्यांनी हात जोडले.

मी मान हलवली. एवढंच हलत होतं! अमृतरावांच्या कपाळावर आठी पडली. वडीलधारा माणूस उभा आणि ही बाई पाठीमागे हात घालून खुर्चीत!

"हात जोडाले भारी पडून राह्यलं का?"

"नाही हो काका, बसा ना!" मी तोंडभर हसले.

मग त्यांनी पिशवीतून बोरं काढली आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. "घ्या. वावरातली हायेत."

"तिथं टेबलावर ठेवा ना."

ओंजळ तशीच राहिली. आवाज मात्र खाली गेला. "आमच्या हातचं चालत नाई का तुमाले?"

देवा रे! काय ऐकलं हे! असं काही माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि बांधून घेतलंय हे सांगायचं तर त्याहून लाज! कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. मॅडम चकित होऊन बघत राहिल्या. आणि इकडे पूनम, माझ्याकडे तोंड करून, आ वासून बसलेली!

"बंद हिची शाळा," अमृतराव म्हणाले. "चल पूनम."

"थांबा काका!" म्हणून मी ताडकन उठले. खुर्चीसकट! तोल गेला, टेबलाला धडक बसली, पाण्याचा जग उलटला, बोरं वर्गभर पळाली आणि मी पाठीवर खुर्ची घेऊन पूनमसमोर गुडघ्यांवर आदळले. कासवासारखी! ओढणीची गाठ सगळ्यांना लख्ख दिसली. झाकायला हात कुठे होते?

मॅडम पुढे आल्या, पण मध्येच थांबल्या. त्या पूनमकडे बघत होत्या.

पूनमनं तोंड मिटलं. माझ्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे. कुणाचा हात येत नाही हे तिला पटलं असावं. तिनं अंडं ताटावर आपटलं आणि सावकाश, एकेक टरफल काढत, सोललं. माझे हात मागे वळवळत होते, पण गाठ रुख्मिणीबाईंची होती!

मग तिनं अंड्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"आ कर," पूनम म्हणाली.

चतुर्थी, मंडळी! कडक उपवास! पण त्या पोरीला नको म्हणायचं तोंड मला होतं कुठे? मी आ केला.

अमृतरावांनी खाली बसून स्वतः माझी गाठ सोडायला घेतली.

"पूनम येईन रोज," ते मॅडमना म्हणाले. "अन् या आयम्मालेबी काढू नका. पोरीच्या हाताखाली ठेवा. शिकन हळूहळू."

मी आयम्मा नाही, सहायक आहे, असं त्यांना ठणकावून सांगणार होते. पण तोंडात अंडं होतं.