जोडीदार पाहिजे

बदलीचा हुकूम आला तेव्हा आरेखकाने नव्या गावाबद्दल एकच प्रश्न विचारला होता: आसपास चढायला कडे आहेत का? आहेत, असं कचेरीतून कळलं, आणि ते खोटं नव्हतं. कडे होते, पण वर्षातले बहुतेक महिने त्यांवरून पाणी वाहायचं आणि उरलेले शेवाळ वाळायची वाट बघण्यात जायचे. पावसाचं त्याने विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही. बायकोला तर त्याने काहीच विचारलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ते काम सोडून ती मागोमाग आली आणि आता दिवसभर ओले कपडे या दोरीवरून त्या दोरीवर टाकत होती. त्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत मोकळी ठेवली होती. परत जाऊ का, असं तिने दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा नवरा चढाईचे बूट हीटरपाशी वाळवण्यात गर्क होता.

शेवटी एका जुन्या गोदामात चढाईची भिंत सापडली. छतापर्यंत फळ्या, त्यांवर रंगीत खुंट्या, वरून सोडलेले दोर. पण गोदामवाला नियमाचा पक्का. एका टोकाला चढणारा असला तर दुसरं टोक धरायला खाली माणूस पाहिजेच, एकट्याला भिंतीला हातही लावू देणार नाही, असं त्याने सुनावलं. आता ज्या गावात शेजारीसुद्धा छत्री आडवी धरून निघून जातो, तिथे जीव सोपवावा असा माणूस आणायचा कुठून?

गावात कोणाचेच कपडे वाळत नसल्यामुळे सगळं गाव लॉंड्रीत यायचं. आरेखकाने तिथेच, आपल्या सुबक अक्षरात, एक कागद चिकटवला: "जोडीदार पाहिजे. वय तीस ते पंचेचाळीस, वजन साठ-सत्तर. अंगाने काटक, स्वभावाने सावध. स्त्री वा पुरुष चालेल. फक्त शनिवार-रविवार. अनुभव नसल्यास शिकवून घेऊ." खाली फोन नंबर दिला.

चढाई हा शब्द लिहायचा राहून गेला. चढणाऱ्यांना तो लिहावा लागत नाही. त्यांच्यात जोडीदार म्हणजे दोर धरणारा. उरलेल्या जगात जोडीदार कशाला म्हणतात, हे लग्न झालेल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नव्हती.

पहिला फोन एका निवृत्त पोस्टमास्तरांचा आला, बहिणीसाठी. बहीण शांत, सावध आणि वजनाने बासष्ट. आरेखक हरखला. तिला उंचीची भीती नाही ना, असं त्याने विचारलं. पोस्टमास्तरांनी त्याची उंची विचारून घेतली.

"आधीचं कोणी होतं का?"

"होता एक. बरीच वर्षं टिकलं. बदली झाली आणि सुटलं."

"होता?" पोस्टमास्तरांनी खात्री करून घेतली. "बरं, घरी कोण कोण?"

"बायको आहे. पण तिची काळजी नको, ती यात पडत नाही."

फोन ठेवल्याचा आवाज त्याच्या कानात बराच वेळ राहिला.

पोस्टमास्तरांनी लॉंड्रीवालीला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. कचेरीतल्या साहेबांनी आरेखकाला केबिनमध्ये बोलावून, घरी सगळं ठीक ना, असं हळूच विचारलं. हा गडबडला आणि म्हणाला, "साहेब, फक्त शनिवार-रविवारचं आहे हो. बाकी पाच दिवस मी घरीच असतो." साहेबांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी घरमालक जिना चढून आले आणि ही इमारत संसारी माणसांची आहे, असं सांगून गेले. शेजारणी बायकोचं सांत्वन करायला येऊ लागल्या. बायकोने कागद वाचला होता, अक्षर ओळखलं होतं आणि अर्थही तिला कळला होता. पण तिने कोणालाच खुलासा केला नाही. या गावात तिच्यापाशी बसायला पहिल्यांदाच कोणी आलं होतं, आणि तेही असं. त्याचं तिला फार वाईट वाटलं.

शेवटी आरेखकाने भिंतीचा आणि दोराचा उलगडा केल्यावर साहेबांनीच तोड काढली. "दोरच धरायचाय ना? मग बायकोला न्या. चार लोकांना दिसू दे."

शनिवारी ती आली. गोदामवाल्याने तिच्या कमरेला पट्टा बांधला, दोर कडीतून कसा ओढायचा आणि कसा अडवायचा ते दाखवलं. तिचा हात बारीक कामाचा, तिला लगेच जमलं. आरेखक झपझप छतापर्यंत गेला आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. मग त्याने खाली घे म्हणून सांगितलं. दोर हलला नाही.

"मी त्या कागदात बसते का रे?" खालून बायकोने विचारलं. "वजन एकसष्ट आहे माझं. आणि शनिवार-रविवारच काय, सगळेच वार मोकळे आहेत."

"आधी खाली घे, मग बोलू."

"खाली असलास की तू बूट वाळवतोस. आत्ता सांग, मी परत जाऊ का?"

पट्टा मांड्यांत रुतायला लागला होता. "जा! हो म्हणतोय ना मी!"

"लटकलेल्या माणसाचा होकार मी धरत नाही," ती म्हणाली, आणि त्याला अलगद, जराही धक्का न देता खाली उतरवलं. त्याचे पाय गादीला टेकले. ती दोर हातात धरूनच त्याच्याकडे बघत राहिली. नको जाऊस म्हणाला असता तरी चाललं असतं, मीही येतो म्हणाला असता तर फारच उत्तम, आणि नुसतं जा म्हणाला असता तरी तिने सोसलं असतं.

"पण मग," आरेखक काळजीने म्हणाला, "पुढच्या शनिवारी माझा दोर कोण धरणार?"

बायकोने कडी उघडून दोर मोकळा केला. पट्टा सोडून नीट घडी करून गोदामवाल्याच्या हातात दिला आणि स्टँडवर जायचा रस्ता कोणता, असं त्याला विचारलं.