उघडून पाहिलेली व्हॅन

माणसाला मरायला वाहन लागत नाही, वाचायला लागते. हे सत्य आमच्या मोहल्ल्याला चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात समजले. माझी बायको रुख्मिणी सायकलरिक्षातून मोठ्या दवाखान्याकडे निघाली होती. चढावर रिक्षावाला उतरून रिक्षा ओढत असतानाच ती गेली. बातमी त्याच रिक्षाने परत आली आणि संध्याकाळपर्यंत समिती स्थापन झाली. (दुखवट्याच्या ठरावाला मजकूर लागतो, समितीला लागत नाही.)

समितीने ठरवले की आजाऱ्याला न्यायला मोहल्ल्याची स्वतःची व्हॅन असावी. ती जुनी, परवडणारी आणि दुरुस्तीला सोपी असावी. मला अध्यक्ष केले, कारण घरी माझी वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. समितीतल्या वामनरावांची सून पुष्पलता गरोदर होती. पहिली फेरी तिची, हेही ठरले.

आम्ही पिढीजात हातमागवाले. जुना माग घ्यायचा तर आमच्यात रीत आहे. आधी तो पूर्ण सोडवायचा, मग आपल्या हाताने जोडायचा, जुळला तर घ्यायचा. या रीतीने आम्हाला कधी फसवलेले नाही. म्हणून ती व्हॅनलाही लावली.

जरीपटका बाजारातल्या गाड्यांच्या दलालाने दाखवलेली पहिली व्हॅन किल्ली फिरवताच सुरू झाली. समितीने ती नापास केली.

"काहून जी?" दलाल म्हणाला. "चालू हाये ना?"

"तेच तं," आमच्यातले सर्वांत वयस्कर विणकर रामाजी म्हणाले. "चालू गाडी दुरुस्तीले सोपी हाये का कठीण, कसं समजन?"

दुसरी व्हॅन कोराडीहून येताना बंद पडली. ड्रायव्हरने कसल्याशा नळीत फुंकर मारली आणि ती पुन्हा चालू लागली. पण फुंकर त्याची होती, ती गाडीबरोबर मिळणार नव्हती.

तिसरी विटांवर उभी होती. इंजिन निम्मे पोत्यात होते. निम्मे काम आधीच झालेले पाहून समिती प्रसन्न झाली.

"हे घेऊ नका, बावा," दलाल स्वतःच म्हणाला.

"तू विकून राहिला का घेऊन राहिला?" रामाजींनी विचारले.

व्हॅन बैलबंडीवर चढून मोहल्ल्यात आली. वर्गणी दिलेल्या प्रत्येकाला ती एकदा स्वतः सोडवून पाहण्याचा हक्क होता. दुसऱ्याच्या जोडणीवर विश्वास ठेवणे आमच्यात बसत नाही. पाहणीअंती असे दिसले की मोहल्ल्यातल्या दर दहा पुरुषांपैकी आठ जणांना कार्बुरेटर सोडवता येतो. उरलेल्या दोघांना तो सापडत नाही. प्रत्येक जोडणीनंतर थोडे नटबोल्ट शिल्लक राहत. (गाडी तेवढी हलकी झाली.)

एका रविवारी ती चक्क सुरू झाली. सगळे कामधाम टाकून ऐकत उभे राहिले. मग वर्गणीदारांपैकी केशवने आठवण करून दिली की आता त्याची पाळी आहे. नियम तो नियम. त्याने ती बंद करून उघडली.

दुसऱ्या दिवशी पुष्पलताला कळा सुरू झाल्या. गिअरबॉक्स केशवच्या मांडीवर होता.

"दोन घंटे द्या, अध्यक्ष," तो म्हणाला. "पोरीले म्हणा, थांब जराशी."

"तूच ये गा सांगाले," वामनरावांची बायको दारातून म्हणाली. "पोट धरून बसली हाये ते."

रिक्षा बोलावली. चढावर अध्यक्ष या नात्याने मी ती मागून ढकलली. चढ संपेपर्यंत मी पुष्पलताशी बोलत राहिलो. ती उत्तर देते की नाही, एवढेच मला ऐकायचे होते. ती देत होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या.

समितीने या घटनेची गंभीर दखल घेतली. रिक्षाने भागते, तेव्हा व्हॅनची घाई करू नये, असा ठराव एकमताने संमत झाला. विरोधात मी होतो, पण अध्यक्षाचे मत धरत नाहीत.

तुम्ही हे वाचून हसत असाल, तर तुमच्या घरचे माणूस ऐनवेळी कशातून न्यायचे, हे तुम्ही ठरवून ठेवले असणार. ठेवले नसेल तर आमच्याकडे या. वर्गणी भरा, पाना हातात घ्या. तुमच्याआधी काही जणांची पाळी बाकी आहे. दवाखान्याची पहिली फेरी अजून व्हायची आहे.