एक ओळ मागणारे बावतीसकाका

तुमच्या नाक्यावर ज्या कवीचा पुतळा उभा आहे, त्याची एक तरी ओळ तुम्हाला पाठ आहे का? नसेल, तर आमच्या बावतीसकाकांच्या तावडीत सापडू नका.

मालवणात आमच्या वाडीच्या तिठ्यावर एका कवीचा पुतळा आहे. कवी इथल्याच शाळेत मास्तर होते. पुतळ्याच्या पायरीवर बावतीसकाका दुपारभर बसतात. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणी फोटोसाठी पुढे आलं की त्यांची छत्री फाटकासारखी आडवी होते.

"आदी वळ, मगे फोटो."

"कसली ओळ, अंकल?"

"ज्येच्या खांद्यार हात टाकतलंस, त्येची."

स्कुबाला आलेल्या एका मुलीने चक्क सिनेमाचं गाणं म्हटलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "गळो बरो आसा गो तुझो," ते म्हणाले, "पण ह्या ह्येचा न्हय." छत्री तशीच राहिली.

जयंतीला स्मारक समितीचे अध्यक्ष हार घेऊन आले, तेव्हा छत्री त्यांनाही आडवी झाली.

"कवींचं साहित्य महान आहे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हान आसा ता माका ठावक आसा. वळ सांगा."

अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी बँडवाल्याकडे. बँडवाला शहाणा, त्याने वाजवायला सुरुवात केली.

हसू नका. त्या चौथऱ्यावरची कोनशिला एकदा वाचा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, ठेकेदार, सगळे तिथे कोरलेले आहेत. कवितेची ओळ मात्र एकही नाही. वाचनालयात त्या कवीच्या पुस्तकाची एकच प्रत होती, तीही याच समितीने उद्घाटनाच्या भाषणासाठी नेली. ती परत आली नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "शोधतो." कवीला ब्राँझमध्ये उभा करायचा आणि त्याची कविता हरवून टाकायची, याला आपल्याकडे गौरव म्हणतात.

आता हीच समिती पुतळ्याभोवती कुलपाचं रेलिंग घालते आहे. कारण काय, तर एक म्हातारा पर्यटकांना त्रास देतो. खड्डे खणून झालेत.

माझं डोकं फिरलं. मी रातोरात पत्रक लिहिलं. 'साहित्याचा एकाकी पहारेकरी' असं ठळक शीर्षक दिलं आणि पहिली प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा पुसून वाचली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ह्या खोटा आसा रे. मी खंयचो पहारो करतंय?"

"मग रोज लोकांची परीक्षा कशाला घेता, काकानू?"

"परीक्षा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "माका येत नाय म्हणान इचारतंय."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. फिलूमावशी, त्यांची बायको, या कवीच्याच वर्गात शिकली होती. मासे साफ करताना ती मास्तरांची एक कविता म्हणायची. काका अंगणात बिघडलेलं इंजिन चालू करून त्याला कान लावून बसलेले असायचे.

"दर वेळाक मी तिका गप केलंय. गप रव गो, माका इंजिन आयकांक व्हया. आता खंयच्या इंजिनाची खरखर कशी होती ता सांगू शकतंय. तिच्या गाण्यातली एक वळ आठवत नाय." ते पायरीवरची वाळू हाताने बाजूला सारत राहिले. "फिलू गेली. मास्तर गेले. कोणाक तरी येत असतली, म्हणान बसतंय."

ते पत्रक मी फाडलं. त्या जागी हे लिहितो आहे.

काकांना एवढंच आठवतं की कवितेत खाडी आहे, उशिरा परतणारी होडी आहे आणि कुणीतरी झाकून ठेवलेली पेज आहे. आमच्या शाळेत शिकलेली एखादी आजी, आत्या, मावशी तुमच्या घरात असेल, तर आजच तिला विचारा. ट्रंकेत जुनं पुस्तक असेल तर उघडा. कविता सापडली तर कुलूप लागायच्या आत तिठ्यावर या आणि काकांना म्हणून दाखवा. चाल येत नसेल तर नुसती वाचा. फक्त जवळ बसून, सावकाश आणि मोठ्याने वाचा. त्यांना आता कमी ऐकू येतं.