उर्वरित सिनेमा हजर करावा

दिनांक ७ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रार्थनेनंतर माझ्या कंपासपेटीतून सिनेमाच्या फिल्मचा एक तुकडा जप्त करण्यात आला. आकार नखापेक्षा थोडा मोठा. आरोप असा, की त्यात एक बाई हसत होती.

तुकडा म्हसा गावच्या जत्रेतला. तिथल्या सिनेमाच्या तंबूत फिल्म तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून मागे टाकतो, आणि आम्ही मुली त्यावर झडप घालतो. माझी मैत्रीण रुपा, तिला सलग सात चित्रांचा धावता घोडा मिळाला. मला एकच चित्र मिळालं. पण काय चित्र! उन्हात धरलं की नटी खळखळून हसायची, आणि तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, अगदी माझ्यासारखा! तिचं नाव मला ठाऊक नाही, सिनेमाचंही नाही. पण त्या दिवसापासून हसताना तोंडावर हात धरणं मी बंद केलं. सगळीकडे. प्रार्थनेतसुद्धा. म्हणून तर झडती झाली.

हेडसरांनी तुकडा खिडकीपाशी धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "आक्षेपार्ह आहे की नाही, हे मी एकट्याने ठरवणं नियमात बसत नाही." तीन शिक्षकांची समिती नेमण्यात आली. समितीने बंद दाराआड तुकड्याची पाहणी केली. पहिल्या दिवशी ऊन उतरल्यामुळे निष्कर्ष निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मतभेद झाले.

"हसतेय ते ठीक," पीटीचे भगीरथ सर म्हणाले, "पण कुणाकडे बघून?"

"तो पुढच्या चित्रात असेल," मराठीच्या बाई म्हणाल्या.

"मग पुढचं चित्र कुठाय?"

"जत्रेत."

अहवाल तालुक्याला गेला. उत्तर आलं: 'एका सेकंदात चोवीस चित्रे असतात. एका चित्रावरून चारित्र्याचा निर्णय घेता येत नाही. सबब संबंधित विद्यार्थिनीने उर्वरित सिनेमा आठ दिवसांत हजर करावा.'

मी लेखी कळवलं की तंबू उठला, सिनेमा पुढच्या गावाला गेला. फार तर रुपाकडे एक घोडा आहे. घोडा तात्काळ जप्त झाला.

"तुझ्या दातापायी माझा घोडा गेला गो!" रुपा म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तालुक्याहून दुसरं पत्र आलं: 'उर्वरित सिनेमा उपलब्ध नसल्याने ग्रामस्थांच्या हरकती मागवाव्यात.' आता हरकत घ्यायची तर आधी बघायला नको? शनिवारी शाळेबाहेर रांग लागली. सकुबाई डोक्यावरची मोळी खाली टाकून आली. तुकडा उन्हात धरून म्हणाली, "अगो बाय, काय गोड हासते! माझी हरकत लिवा."

"कशाबद्दल?" हेडसरांनी विचारलं.

"येकदाच दावलं म्हणून."

दुसऱ्यांदा हरकत घेणाऱ्यांची वेगळी रांग करावी लागली. पुढच्या आठवड्यात खर्डीहून दोन जिपा भरून हरकतदार आले. मी रोज अर्ज करत होते, की माझा तुकडा मला द्या. सिनेमा बघायचा नव्हता हो मला, तेवढा दात हवा होता! "हरकती संपू देत की," हेडसर म्हणायचे आणि स्वतःची हरकत नोंदवायला खिडकीपाशी जायचे.

मार्चअखेर समितीने सर्वानुमते ठरवलं की चित्रात आक्षेपार्ह काहीही आढळत नाही. तुकडा मला परत मिळाला. मी तो उन्हात धरला. खरंच काही आढळत नव्हतं. तीनशे बारा हरकतदारांचे अंगठे घासून घासून आधी दात गेला, मग ओठ, मग अख्खी बाई. उरली नुसती कोरी पट्टी.

"सर, हसणं कुठं गेलं?"

"त्याची नोंद अहवालात आहे," हेडसर म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं. आलं हसू. व्हरांड्यात उभी राहून मी एवढ्या मोठ्याने हसले, की चढलेला दात फाटकापर्यंत दिसला असेल. बाहेर हरकतदारांची रांग अजून उभीच होती. ती सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली, आणि भगीरथ सरांनी शिट्टी फुंकली: "हरकतवाल्यांनी डावीकडून यावे!"

तुम्हीही इथवर वाचलंत, म्हणजे तुमचीही काहीतरी हरकत असणारच. लाजू नका, या. डावीकडून. फक्त अंगठे खिशात ठेवा.